दगडफुलाला तेलाचा हात

खारी, भाईंदर (पूर्व)
रविवार, दुपार

प्रिय विनूताई,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. बुधवारपासून एकोणीस फोन केले, मोजलेत. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस, आणि तरी उत्तर नाही. शुक्रवारी मुर्ध्याला आलो तर तुझ्या सासूबाई दारातच म्हणाल्या, "न्हाय हाय ती घरान," आणि आतून तुझ्याच बांगड्या वाजत होत्या. भाईंदरच्या या टोकाला मी, त्या टोकाला तू, आणि मध्ये पत्र. कोणाला सांगितलं तर हसतील. दाजी तेवढे माझ्याशी बोलतात, म्हणजे रिक्षातून न उतरता कारखान्याच्या गेटवर दोनदा हॉर्न वाजवतात. हे त्यांच्याच हाती देणार आहे. कितीही चिडलेली असलीस तरी सगळं वाच, आणि मध्येच फाडू नकोस. का ते शेवटी लिहिलंय. शेवट आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, ती आजच्या दिवस सोड.

तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं.

आमच्या कारखान्यात, म्हणजे भूपेशभाईंच्या गाळ्यात, आधी आलं, हळद, मिरी यांचे अर्क काढायचो. या वर्षी भूपेशभाईंच्या डोक्यात दगडफूल आलं. एका पार्टीला लहान मुलांच्या अंगाला लावायच्या क्रीमसाठी त्याचा अर्क हवा होता. मिनल मॅडम, आमच्या केमिस्ट, म्हणाल्या की दगडफूल हे फूल नाहीच, बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने झाडाच्या सालीवर संसार करतात ते हे. त्यातली काही द्रव्यं जंतूंना वाढू देत नाहीत. वर्षाला वाढतं म्हणे काही मिलिमीटर. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "आणि मी मसाल्यात मूठभर घालते, म्हणजे किती वर्षं घालते रे?" तेव्हापासून मला गोणी उघडताना उगीच दडपण येतं.

यंत्राचंही तुला सांगितलं होतं. सोड्याच्या बाटलीत असतो तोच कार्बन डायऑक्साइड आम्ही एकतीस डिग्रीच्या वर गरम ठेवून भयंकर दाबतो. मग तो धड वायूही राहत नाही आणि धड पाणीही होत नाही. वायूसारखा कणाकणात शिरतो आणि पाण्यासारखा धुऊन काढतो. याला सुपरक्रिटिकल म्हणतात. दाब सोडला की तो उडून जातो आणि खाली अर्क राहतो. जाळ नाही, रॉकेलसारखा वास मागे ठेवणारं काही नाही. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "धड इकडे ना धड तिकडे, आणि सगळीकडे शिरायचं. तुझाच भाऊ दिसतोय." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला राग आला होता. बारावीला केमिस्ट्रीत राहिलेल्या माणसाने पुढे जन्मभर केमिस्ट्रीतच काम करावं, यावर तुम्ही दोघी किती वर्षं हसणार आहात?

तर, दगडफूल आलं की त्यात सालपटं, माती, बारीक खडे. व्यापाऱ्याकडची सफाई बघून मला रात्री झोप येईना. खडा यंत्रात गेला तर जाळी फाटते, आणि जाळी बदलायची म्हणजे माझा दिवस जातो. मीच भूपेशभाईंना म्हटलं, माझी बहीण मुर्ध्याला असते, तिच्या सासूबाई आणि शेजारच्या बायका मिळून दर उन्हाळ्यात मसाला करतात, अर्धं भाईंदर त्यांच्याकडून नेतं, त्यांना द्या. मी म्हटलं, हे विसरायचं नाहीये मला. तुम्ही काम मागायला आला नव्हतात.

आणि मग ती चिठ्ठी. फेब्रुवारीत पहिली चाळीस किलो घेऊन आलो तेव्हा द्वारकामावशींनी, तुझ्या सासूबाईंनी, प्रश्न विचारून माझा जीव खाल्ला होता. "टोपलीत ठेवाचा का गोणीन? ऊन द्यावाचा का सावली? काला पडला तं काय करू? धुवाचा का न्हाय?" मी म्हटलं थांबा, लिहूनच देतो. तुझ्या ओट्यावर बसून दहा मुद्दे लिहिले, प्रत्येकापुढे आकडा, खाली तारीख, सही. धुऊ नये. सालपटं वेगळ्या पिशवीत ठेवावीत. हात कोरडे असावेत. तू ती स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलीस, "आमच्याकडे सरकारी आदेश आलाय." तेव्हा मला ते आवडलं होतं, आता कबूल करतो.

पहिला लॉट उत्तम आला. किलोमागे पस्तीस ग्रॅम अर्क, हिरवट तपकिरी, थंड झाला की गोळा बसणारा. दुसरा लॉट एप्रिलच्या शेवटी. त्या वेळी तुमच्या घरभर मिरच्या पसरलेल्या, म्हणून तुम्ही काम गच्चीवर नेलंत. हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं नाही का, ताई? एक फोन. तेव्हा तर आपण बोलत होतो.

माल दळायला घेतला तेव्हाच मला कळायला हवं होतं. दगडफूल दळताना अशी धूळ उडते की मास्कमधूनही शिंका येऊन माझं डोकं जड होतं. त्या दिवशी एक शिंक आली नाही. आणि मी काय केलं? खूश झालो. रोजच्या नोंदीत लिहिलं, "धूळ कमी. सफाई उत्तम." स्वतःच्या हाताने! दुसऱ्या दिवशी अर्क निघाला किलोमागे पंचाहत्तर ग्रॅम. दुप्पट. भूपेशभाई वजनकाट्यापुढे उभे राहून म्हणाले, "हृतिक, तू तो जादूगर निकला," आणि सगळ्यांना जिलेबी-फाफडा मागवला. मी यंत्राचा दाब किंचित वाढवला होता, त्यामुळेच असेल असं मला वाटलं. वाटलं काय, मी तसं सगळ्यांना सांगितलंसुद्धा. दुपारी जेसल पार्कच्या जेट्टीवर एकटाच फिरायला गेलो आणि मनातल्या मनात भाषण केलं. विषय होता, शिक्षण आणि अनुभव. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण सगळं लिहायचं ठरवलंय तर सगळं लिहितो. अर्क त्याच संध्याकाळी पार्टीकडे गेला.

माझ्याकडे राहिलेल्या नमुन्याच्या बाटलीतला अर्क मात्र बसेना. फ्रीजमध्ये ठेवला, बाहेर काढला, वर पातळ थर तसाच. चार दिवस मी ती बाटली तासातासाला बघत होतो, मिनल मॅडम म्हणाल्या, "हृतिक, तिला अंगाई म्हण आता." शेवटी एक थेंब कोऱ्या कागदावर टाकला. भज्यांच्या कागदाला पडतो तसला आरपार डाग पडला, आणि दुसऱ्या दिवशीही गेला नाही. मॅडमनी तपासलं. बाटलीतलं निम्म्याहून जास्त शेंगदाण्याचं तेल होतं. आमच्या त्या वायूला दगडफुलाचं काय आणि तेलाचं काय, जे तेलकट ते सगळं तो धुऊन आणतो. मॅडमचा चेहरा उतरला. काही मुलांना शेंगदाणा सोसत नाही, अंगाला लागला तरी पुरळ उठतं, कधी श्वासापर्यंत जातं. आणि हे लहान मुलांच्या क्रीममध्ये जाणार होतं. त्यांनी तिथल्या तिथे पार्टीला फोन करून ते वापरू नका म्हणून सांगितलं. अजून काही वापरलं नव्हतं. ते ऐकेपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.

मग गेल्या रविवारी मी तुझ्याकडे आलो. आलो कसला, चालून आलो. गच्चीवर तुम्ही पाचजणी बसला होतात आणि मधोमध दोन लिटरच्या तेलाची रिकामी पिशवी, दगडाखाली दाबून ठेवलेली. मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. वजन वाढवायला तेल घातलंत, असं म्हणालो, एवढंच नोंदीसाठी लिहितो. द्वारकामावशी समजावत होत्या, "आरं पोरा, खाडीचा वारा बघ कसा सुटलाय! ह्यो माल पिसासारखा उडतं. मसाल्याला आमी दरसाल असाच तेलाचा हात फिरवतो, मंग उडत न्हाय, न चुरा पन होत न्हाय." आणि मी म्हणालो, मसाल्याचं मला सांगू नका. त्या म्हणाल्या, "मंग कोनाला सांगू? तूच लिवलंस ना?" मी तेही ऐकलं नाही. तू काहीच बोलली नाहीस. नुसती खाली गेलीस आणि परत आली नाहीस. तू भांडली असतीस तर मला तेव्हाच कळलं असतं. तुझं हे गप्प बसणं म्हणजे शुद्ध छळ आहे, लहानपणापासून आहे. माझी शाळेची वही आईच्या चहाने भिजली तेव्हाही तू गप्प बसलीस, आणि मी तुझ्या नावाने दोन दिवस ओरडत होतो.

बुधवारी दाजींनी नेहमीसारखा तुझा डबा गेटवर दिला. मला वाटलं, झालं, निवळली. जेवायच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उघडला. बुधवार म्हणजे बोंबील, आमचा वॉचमनसुद्धा बुधवारी माझ्या बाजूला येऊन बसतो. खालचा खण रिकामा. वरच्या खणात चिठ्ठी. चारी कोपऱ्यांना दारावरचा रंग आलेला, हळदीचे डाग, माझं अक्षर. वॉचमन म्हणाला, "आज दीदी ने प्रेमपत्र भेजा?" मी वाचत गेलो. एक, दोन, तीन. सहाव्या मुद्द्यापाशी तू काही खूण केली नव्हतीस, रेघ मारली नव्हतीस. गरजच नव्हती. "६. बाकी सर्व घरच्या मसाल्यासाठी करता तसंच करावं."

मला आठवलं ते कधी लिहिलं. मावशींचा पंधरावा की सोळावा प्रश्न होता, "आन वारा आला तं?" आणि मी वैतागून म्हटलं होतं, अहो, तुम्ही वर्षानुवर्षं करताय ना, तसंच करा. आणि तसंच्या तसं लिहून टाकलं. वाऱ्याचंच विचारत होत्या त्या, ताई! फेब्रुवारीत! मी त्यांना उत्तर दिलं असतं तर यातलं काही झालं नसतं. पाचव्या मुद्द्यात हात कोरडे ठेवा म्हणून लिहायचं आणि सहाव्यात सगळं त्यांच्यावर सोपवायचं. ते वाक्य मी नंतर चारदा तरी वाचलं असेन, काना-मात्रा तपासायला. अर्थ एकदाही तपासला नाही. माझाच मला जेवढा वैताग आला तेवढा अजून कोणाचाच आला नाहीये, आणि तुला माहीत आहे, मला वैताग यायला फार लागत नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी चार पानं टाळलं.

मी गच्चीवर ओरडून गेलो तो रविवार आणि डबा आला तो बुधवार, यांच्यामध्ये एक मंगळवार होता. मॅडमचा रिपोर्ट आल्यावर भूपेशभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, घाबरलेले होते. म्हणाले, "पार्टी पूछेगी किसकी गलती. लिख दे, सफाईवाली लेडीज ने मिलावट किया. मसालेवाली बाई को कौन पूछता है?" त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं, असं मला तुला सांगता आलं असतं. पण मला ते खरंच वाटत होतं. मी चुकांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, "सफाई करणाऱ्या महिलांनी वजन वाढवण्यासाठी तेल मिसळले." पुढे रकाना असतो, जबाबदार व्यक्ती. रकाना मोकळा ठेवलेला मला बघवत नाही. मी तिथे द्वारकामावशींचं नाव लिहिलं, आणि खाली तुझं. पूर्ण नाव, सासरचं आडनाव, मुर्ध्याचा पत्ता. खाली माझी सही. भूपेशभाईंनी त्या पानाचा फोटो काढून पार्टीला पाठवला.

हे तुला माहीत नव्हतं. तू गच्चीवरच्या बोलण्यावर रागावून बसली होतीस. राग त्याहून मोठा करायला हवा होतास, ते आज कळवतो.

बुधवारी जेवणाची सुट्टी संपायच्या आत मी ते रजिस्टर काढलं. आमच्याकडे नियम आहे. लिहिलेलं खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि बाजूला खरं काय ते लिहून सही करायची. पहिल्या दिवशी मिनल मॅडमनी शिकवलं तेव्हा मला हा नियम मूर्खपणाचा वाटला होता. चूक सुधारली, मग ती दाखवत कशाला फिरायचं? तर मी तुमच्या दोघींच्या नावांवर रेघ मारली. नावं अजून वाचता येतात, त्याला माझा इलाज नाही. बाजूला लिहिलं, "तेल लावण्याची पद्धत सूचनेनुसार. सूचना क्र. ६ चुकीची. सूचना देणारा: ऑपरेटर हृतिक." भूपेशभाई म्हणाले, "पगला है क्या? पन्ना फाड दे." मी म्हटलं, पानांना नंबर आहेत. ते म्हणाले, सोमवारी पार्टी येऊन जाऊ दे, मग तुझं काय करायचं ते बघतो. ते काय बघणार याचा अंदाज मला आहे. मिनल मॅडमनी माझ्या सहीखाली त्यांचीही सही केली. त्या एरवी कोणाच्या भानगडीत पडत नाहीत.

तर आता कागदावर का लिहिलं ते. उद्या, सोमवारी, अकरा वाजता पार्टीचे दोघेजण गाळ्यात येणार आहेत, आणि सफाईची जागा बघायला तिथून मुर्ध्यालाही येणार आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये मंगळवारचं पान आहे, बुधवारची रेघ नाही. ते तुमच्या ओट्यावर उभे राहून, शेजारणींच्या समोर, द्वारकामावशींना विचारतील, भेसळ तुम्हीच केलीत ना? मसाल्याचे दिवस आहेत. ही गोष्ट एकदा मुर्ध्यातून शेजारच्या राई गावापर्यंत गेली की मावशींच्या मसाल्याला कोण हात लावणार आहे? मी तेव्हा गाळ्यात असेन, आणि कदाचित त्यांच्याबरोबर मला येऊ देणार नाहीत. म्हणून हे तुझ्या हातात असू दे. मूळ चिठ्ठी सोबत आहे, सहाव्या मुद्द्यासकट, माझ्या सहीसकट. या पत्राखालीही तीच सही आहे, ताडून बघता येईल. कार्बन ठेवून लिहिलंय, दुसरी प्रत मिनल मॅडमकडे देतोय. पार्टीवाल्यांनी विचारलं की काही बोलू नका, हे पुढे करा. मावशींना मात्र आधी वाचून दाखव, आणि पंधराव्या प्रश्नाचं उत्तर हृतिकने तीन महिन्यांनी दिलं म्हणून सांग. वारा आला तर काम थांबवायचं. घरात न्यायचं. मला फोन करायचा. माफी मी येऊन मागेन. दार उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, पण बांगड्या काढून ठेव.

डबा घासून पाठवतोय. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आईने आपल्या दोघांनाही शिकवलंय, तू बुधवारी विसरलीस तरी. खालच्या खणात साखर आहे. वरच्या खणात हे.

चुकीसकट तुझाच,
हृतिक